डोंगरगड सांगून दुर्गला

२ डिसेंबर, मंगळवार

भिलाईच्या पोलाद प्लांटकडून यांना दरवर्षी डायरी मिळते. पहिल्या पानावर नाव यांचं असतं, तेजराम, क्रेन ऑपरेटर, रेल मिल, आणि आतली पानं माझी. हे म्हणतात, आठ तास वर बसून खाली पाहतो, आता पुन्हा लिहायचं काय? त्यामुळे सिलिंडर कधी लागलं, दूधवाल्यानं कधी दांडी मारली, नातीला पहिला दात कधी आला, सगळं माझ्या अक्षरात. दिवाळीपासून मात्र पानं कोरी आहेत. लिहिण्यासारखं एकच होतं आणि तेच लिहायचं नव्हतं.

आज लिहायला बसले, कारण आज चोरी पकडली गेली.

दुपारी सून समृद्धीला झोपवून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "आई, माझ्या पाकिटातले पॅड कमी होऊन राहिले. घरात बाया आपण दोघीच. समृद्धी तर डायपर घालते."

"उंदरानं नेले असतील," मी म्हटलं. माझी अक्कल ही अशी, वेळेवर कामाला येत नाही.

रेणू हसली नाही. भिलाई-३ च्या रेल्वेवाल्याची पोरगी आहे, बोलते अर्धी हिंदीत, आणि एकदा विषय धरला की सोडत नाही. मग सांगावंच लागलं. माझी पाळी जाऊन पाच वर्षं झाली, आता छप्पन्नावं लागलं. दिवाळीत चकल्या तळताना काहीतरी झालंसं वाटलं, जाऊन पाहते तर डाग. मग थांबलं. मग पुन्हा आलं. मी ठरवून टाकलं, उष्णता. धने-जिऱ्याचं पाणी प्यायले, तिखट कमी केलं आणि पॅड सुनेचे वापरले.

"डॉक्टरला दाखवायचं, बस," रेणू म्हणाली. "इसमें सोचना क्या है?"

विचार करते म्हटलं. माझी थोरली बहीणही उष्णताच म्हणत होती, शेवटपर्यंत. असो. बाजारात तिवऱ्याची भाजी आली आहे, आम्ही तिला लाखोळी म्हणतो. कोवळी मिळाली, डाळ घालून केली.

४ डिसेंबर, गुरुवार

खरं कारण लिहूनच टाकते. मला आजपर्यंत तिथं कोणी तपासलेलं नाही. दोन्ही बाळंतपणं माहेरी, आमगावजवळ, सुईणीच्या हातची, आणि त्यातही दिवा रॉकेलचा. तिनं काय पाहिलं ते तिलाच माहीत. त्यानंतर काही दुखलं नाही, कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

आणि गंमत अशी की रेणूच्या वेळी दर महिन्याला दुर्गच्या सोनल मॅडमकडे हिला घेऊन मीच जायची. दवाखान्याच्या बाकावर बसून मोठ्या तोऱ्यात सांगायची, "अवो, लाजाचं काय त्याच्यात? डॉक्टरच तं हाय!" शेजारच्या बायांनाही फुकटात धीर वाटला होता. ती धीट बाई आता माझ्यातून कुठे गेली कोण जाणे.

रेणूनं ते बोलून दाखवलं नाही, पण चेहऱ्यावर सगळं होतं. प्लांटच्या दवाखान्यात मी जाणार नाही हे आधीच सांगून टाकलं. तिथल्या रांगेत आमच्या कॉलनीचा अर्धा सेक्टर भेटतो आणि प्रत्येकाला "काय झालं वो?" विचारायचं असतं. म्हणून मग सोनल मॅडमच. रेणूनं फोन करून मंगळवार घेतला. यांना आणि शुभमला कळू द्यायचं नाही, अशी मी तिला शपथ घातली. शुभमचं तसं काही नाही. तो सकाळी बाइकवर कुम्हारीच्या कारखान्यात जातो आणि संध्याकाळी मोबाइलमध्ये जातो. लेक आहे माझा, पण घराचा रंग बदलला तरी त्याला आठवड्यानं कळेल.

७ डिसेंबर, रविवार

यांच्या डोक्यात रिटायरमेंट शिरली आहे. उन्हाळ्यात साठ पूर्ण होतात, तर माणूस आतापासूनच विचित्र वागायला लागला. यांचे सोबती शेषराव, त्यांच्याकडे पत्ते खेळायला जाणं बंद केलं. परवा माझ्या हातातली भरलेली बादली काढून घेतली. लग्नाला इतकी वर्षं झाली, बादली प्रथमच.

आज म्हणे, चल, दुर्गहून मटर आणू. मटर इथे सेक्टरच्या बाजारात ढिगानं पडला आहे. तरी बसले स्कूटरवर. तर हे नेमके सोनल मॅडमच्या गल्लीत! मी पदर पुढे ओढून घेतला. दवाखान्यासमोर स्कूटर उभी करून हे आजूबाजूला पाहत बसले.

"कावून थांबले?" मी विचारलं.

"काही नाई. समोरचा रस्ता खनून ठेवला हाय. ऑटोवाल्यानं मागच्या गल्लीतून आनलं पायजे." मग थोड्या वेळानं, "पायऱ्याबी दोन-तीनच हाय. लई नाई."

पायऱ्यांचं कोणी विचारलं होतं? रेणूच्या बाळंतपणात हेच तर इथं रात्रंदिवस उभे होते, तेव्हा मोजल्या नसतील. मी म्हटलं, मटर. मग मटर घेतला, आमच्या बाजारापेक्षा महाग. घरी आल्यावर हे स्वतःच सोलायला बसले, तेही कोणी न सांगता. रिटायर झाल्यावर माणूस असाच राहणार असेल तर माझी हरकत नाही.

८ डिसेंबर, सोमवार

उद्या जायचं, म्हणून रेणूनं आज माझी रंगीत तालीम घेतली. दिवाणावर आडवं केलं, गुडघे वर, पाय बाजूला. दार लावलेलं, पडदा ओढलेला, तरी मी दोनदा उठून कडी पाहून आले.

"आता अंग ढिलं सोडा," ती म्हणाली.

"अजून किती ढिलं सोडू? मी तं सगळी ढिलीच हाय."

"कुठे ढिल्या? दात बघा, कसे आवळून ठेवले. दात सोडले की खालचंही सुटते. और फूंक मारो, चहा गार करता ना, तशी."

मी फुंकर मारली. तेवढ्यात समृद्धी उठली, दुडुदुडु येऊन माझ्या पोटावर चढून बसली आणि तीही माझ्या तोंडावर फुंकायला लागली. मग सासू-सुना दोघी इतक्या हसलो की तालीम तिथंच बारगळली.

हसू ओसरल्यावर रेणूनं नीट समजावलं. निघण्याआधी लघवीला जाऊन यायचं. साडीच नेसायची, म्हणजे सगळं काढावं लागत नाही. आदल्या दिवशी आतून काही लावायचं नाही, धुवायचं नाही. डाग कधी कधी दिसला ते आठवून ठेवायचं. मॅडम जे करतील ते आधी सांगून करतात आणि रेणू हवी असेल तर आत थांबू शकते. मग मी मुख्य प्रश्न विचारला. "तो चिमटा केवढा असते?" भजनी मंडळातल्या एका बाईनं मागे मला हातभर सांगितला होता.

"चिमटा नाही आई. दोन चमचे उलटे एकमेकांवर ठेवले तर कसे दिसतील, तसं. त्यानं जागा करून आत पाहतात. दाबल्यासारखं वाटते. मला पहिल्यांदा थोडं दुखलं पण होतं, झूठ नहीं बोलूंगी."

काहीच दुखत नाही असं म्हणाली असती तर माझा विश्वास बसला नसता. खरं बोलली म्हणून निम्मी भीती गेली. निम्मी आहे.

९ डिसेंबर, मंगळवार

गेले नाही. सकाळी उठले आणि गुडघा धरला असं सांगितलं. रेणू एक शब्द बोलली नाही. तिनं फोन करून पुढचा मंगळवार घेतला आणि माझ्या गुडघ्याला तेल लावून दिलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

लाज वाटते म्हणून जात नाही, असं मी तिला सांगते. लाज आहेच. पण आज भांडी घासताना मला कळलं की लाजेला मी नुसतं पुढे उभं केलं आहे. तिथं गेले की मॅडम पाहतील, आणि पाहिलं की त्यांना दिसेल. कोणी पाहत नाही तोवर ती उष्णता आहे. थोरलीला कोणी पाहिलंच नव्हतं. रायपूरला नेलं तोवर फार उशीर झाला होता. तिच्या आजाराचं नाव मी इथं लिहिणार नाही.

संध्याकाळी ड्यूटीवरून आल्याआल्या यांनी विचारलं, "गुडघा कसा हाय?"

"आता बरा हाय," मी म्हटलं.

"मंग ठीक हाय. पुढच्या मंगळवारी दुखू देऊ नको त्याले."

गुडघ्याला असं कोणी सांगतं का!

११ डिसेंबर, गुरुवार

सासू-सुना दिवसभर बाहेर जाणार म्हटल्यावर शेजारीपाजारी विचारणारच. म्हणून आज मी डोकं चालवलं आणि नळाला पाणी येतं त्या वेळी सगळ्यांसमोर सांगून टाकलं की मंगळवारी आम्ही डोंगरगडला जाणार, बमलेश्वरीच्या दर्शनाला. आपल्याच हुशारीवर खूश झाले होते.

पण डोंगरगडला जाणाऱ्या बाईला या सेक्टरात रिकाम्या हातानं कोणी जाऊ देतं का? संध्याकाळपर्यंत घरात तीन नारळ आले. मागच्या क्वार्टरची म्हणे, माझ्या पोराच्या परीक्षेसाठी. कोपऱ्यावरची तर स्वतःच यायला निघाली, तिला सांगावं लागलं की नवस आहे, घरच्यांनीच फेडायचा आहे. एका थापेसाठी आता देवीलाही साक्षीला ओढलं मी.

तिसरा नारळ वरच्या शीलावहिनीचा. शामसुंदररावांची बायको, ते हिशेबाच्या ऑफिसातून रिटायर झाले. नागपूरची माणसं, स्वभावानं चांगली, पण अलीकडे वहिनीला ऑफिसरीणपणा चढला आहे. भजनाला आली तर खाली बसत नाही, खुर्ची लागते. मधेच उठून जाते. डोंगरगडला दर वर्षी जाणारी बाई, दोन वर्षांत गेली नाही. तिला म्हटलंही नव्हतं तरी लाल कापडात बांधून नारळ घेऊन आली आणि दारातच उभी राहिली.

"बसा ना वहिनी," मी म्हटलं.

"नको, उभीच बरी. बेबीताई, माझ्यासाठीही मागा. काय ते देवीला माहीत आहे. बायकांचं तिला समजते."

तिच्या मुलाचं, आनंदचं, लग्न जमत नाही, त्याचंच असणार. मी हो म्हटलं. नारळ घेऊन बाकीच्या दोन्हींशेजारी ठेवला.

यांनी मात्र नारळ दिला नाही. शेजारच्या बायांना सुचतं आणि घरच्या माणसाला सुचत नाही. मी बोलूनही दाखवलं, तर म्हणतात, "मी मंग देईन."

१४ डिसेंबर, रविवार

जेवताना हे म्हणाले, "डोंगरगडले जाऊन राहिली तं एक टूलबॉक्स टॉक ऐकून घे."

हे काय असतं ते मला आता पाठ आहे. शिफ्टच्या आधी सगळ्यांना उभं करून सांगतात की आज काम कोणतं, धोका कुठे, कोणी काय करायचं. पण देवदर्शनाचा टूलबॉक्स टॉक मी प्रथमच ऐकला.

"काम काय करनार ते आधी विचारून घेजो," हे सांगायला लागले. "कोन करनार, काय घेऊन करनार, किती वेळ लागनार. समजलं नाई तं पुन्हा विचारजो, लाजू नको. आनं क्रेनचा कायदा ध्यानात ठेवजो. खालून कोनीबी हात आडवा केला का मी क्रेन थांबवतो. तो साहेब हाय का खलासी हाय, मी पाहत नाई. हात दिसला का काम थांबलं. तुलेबी थांबवाचा हक हाय."

"डोंगर चढतानी मी कोनाले थांबवू?"

"ज्याले थांबवाचं त्याले," हे म्हणाले आणि वरणात भात कालवत राहिले.

रेणू पाणी आणायला म्हणून उठून गेली, तांब्या भरलेला असताना. मंगळवारी समृद्धीला सांभाळायला यांनी सुट्टीही टाकली आहे. प्लांटला आग लागली तरी सुट्टी न घेणारा माणूस! उन्हाळा यायच्या आधीच यांचं डोकं तापलं आहे.

१६ डिसेंबर, मंगळवार

झालं! पहिल्यांदा तेच लिहिते. झालं.

आता सुरुवातीपासून. नवीन परकर घातला. टाचा दगडानं घासल्या, जणू मॅडम टाचाच तपासणार होत्या. थंडी होती म्हणून मोजे घातले. रेणूनं रिकाम्या पोटी चक्कर येते म्हणून दोन पोळ्या खायला लावल्या. नारळ घरी ठेवता येईनात, कारण खिडक्याखिडक्यांतून बाया आम्हाला हात करत होत्या. तर तीन नारळांची पिशवी घेऊन आम्ही ऑटोत बसलो. ऑटोवाला सरळ निघाला, तर मीच म्हटलं, "भैया, पीछे की गली से." रेणू माझ्याकडे पाहून गालात हसली.

दवाखान्यात बाकावर बसले. पिशवी बाकाखाली सरकवली, तर एक नारळ गडगडत समोरच्या बाईच्या पायाशी गेला. नमस्कार करून तिनं तो परत दिला. काय वाटलं असेल तिला!

मॅडमनी आधी नुसत्या गोष्टी विचारल्या. पाळी कधी गेली, डाग कधी कधी, वास आहे का, दुखतं का, घरात कोणाला काही होतं का. बहिणीचंही सांगितलं. रेणूनं पाठीवर हात ठेवला. मग मॅडम म्हणाल्या, "पहले जांच कब हुई थी?"

"कभी नहीं," मी म्हटलं, आणि आता ओरडा खायचा म्हणून मान खाली घातली.

"कोई बात नहीं आंटी. आज हो जाएगी." एवढंच! इतकी वर्षं ज्याला भ्यायले ते वाक्य एवढंसं निघालं.

मग मी टूलबॉक्स टॉक काढला. काय करणार, काय घेऊन करणार, किती वेळ लागणार, सगळं विचारलं. मॅडमनी ते चमचे मला हातात दिले. खरंच हातभर नव्हते. मी म्हटलं, "मैं हाथ आड़ा करूं तो आप रुकेंगे?" मॅडम म्हणाल्या, "बिलकुल रुकूंगी." मोजे काढू का विचारलं, तर म्हणाल्या राहू द्या, मला पायांशी काम नाही.

टेबलावर चढले. वरचा पंखा बंद होता, त्याच्या एका पात्यावर जाळं होतं, मी तिथं नजर लावली. चादर अंगावर होती. गुडघे तेवढे वर. मॅडमनी अवजार गरम पाण्याखाली धरून आणलं, आता लावते म्हणाल्या, आणि लावलं. दाब आला. दुखलं म्हणण्यासारखं नाही, पण माझ्या डोळ्यांसमोर एकदम थोरली आली, आणि माझा हात आपोआप आडवा झाला.

मॅडम थांबल्या. खरंच थांबल्या. हात मागे घेतला आणि म्हणाल्या, "जब आप बोलेंगी तब." कोणी घाई केली नाही, कोणी हसलं नाही. आमच्याकडे सणवार, पाहुणे, स्वयंपाक, काय काय चालू असतं, माझ्या हात दाखवण्यानं त्यातलं आजवर काही थांबलं नव्हतं. मला रडू आलं, आणि रडल्यावर अंग आपोआप ढिलं झालं. मी दात सोडले, चहा गार केला आणि म्हटलं, "चलिए."

आत गर्भाशयाच्या तोंडाशी मटराच्या दाण्याएवढा मांसाचा एक मोड आला होता. मॅडम म्हणाल्या, हाच डाग पाडत असावा. विचारूनच तो काढला, चिमटा घेतल्यासारखं झालं. मग सोनोग्राफी केली, तीही आतून, तिचं तर काहीच वाटलं नाही. आतलं अस्तर पातळ आहे, चांगली गोष्ट आहे म्हणाल्या. "दिखने में ठीक है, लेकिन जांच को भेजेंगे. बिना रिपोर्ट के मैं कुछ नहीं बोलूंगी." आठवडाभर थांबायचं आहे.

बाहेर येऊन आम्ही दोघींनी आलूगुंडे, म्हणजे आपले बटाटेवडे, खाल्ले. मी तीन खाल्ले.

१७ डिसेंबर, बुधवार

यांना सांगून टाकलं. रिपोर्ट यायचा आहे, तोवर एकाच घरात तोंड चोरून कुठवर फिरायचं? हे अंगणात बसून समृद्धीला संत्र्याची फोड सोलून देत होते. मी सगळं सांगितलं, एका दमात.

"मले मालूम होतं," हे म्हणाले.

"कोनं सांगतलं? रेणूनं?"

"कोनी नाई. तू देवाले जातानी कधी चहाबी घेत नाईस. काल दोन पोळ्या खाऊन निंगाली. डोंगरगडले अशी जाते काय कोनी?"

बघा, पोळ्यांनी घात केला. इतकं सगळं नीट जमवलं आणि शेवटच्या सकाळी पकडले गेले. माझ्या हाती यांनी संत्र्याची फोड दिली, बी काढलेली.

१९ डिसेंबर, शुक्रवार

नारळ अजून घरातच आहेत, आणि आज शीलावहिनी प्रसाद मागायला आली. मी प्रसाद म्हणून बाजारातले साखरेचे चिरंजीदाणे आणून ठेवले होते, तेही लिहून टाकते. वाटी पुढे केली आणि तिनं ती डोळ्यांना लावली. मग मला राहवलं नाही. म्हटलं, "वहिनी, थांबा. खाऊ नका. मी डोंगरगडले गेलीच नाई."

कुठे गेले होते, कशासाठी, टेबल, चमचे, मोजे, सगळं सांगितलं. मला वाटलं आता ही चिडेल. तिनं वाटी खाली ठेवली.

"दुखलं का?" तिनं विचारलं.

"थोडंसं. सहन होते."

"ती डॉक्टरीण रागावली नाही? इतके दिवस का आल्या नाही म्हणून?"

"नाई वो. एक शब्द नाई बोलली. कावून?"

मग शीलावहिनी हलक्या आवाजात म्हणाली, "माझं अंग बाहेर येते बेबीताई. दोन वर्षं झाली. बसलं की टोचते, चाललं की येते. कपडा बांधून राहते मी. यांनाही सांगितलं नाही."

खुर्चीचं असं होतं तर. आणि मी तिला ऑफिसरीण म्हणत होते, या डायरीतसुद्धा. मला फार वाईट वाटलं. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "सोमवारी माझ्यासंगं चला. सोनल मॅडम सांगून करतात सगळं."

२१ डिसेंबर, रविवार

नारळ यांनी मार्गी लावले. "लोकायचे हाय, घरी ठेवू नये," म्हणून पहाटेची गाडी धरून एकटेच डोंगरगडला गेले. संध्याकाळी परत आले तर जिना चढताना चोरासारखे पाय टाकणारी माणसं असतात ना, तसे अंगणातून चालत होते. रोपवे असताना सगळ्या पायऱ्या चढून गेले आणि पायऱ्यांनीच उतरले!

"रोपवे बंद होता काय?" मी विचारलं.

"चालू होता."

"मंग पायऱ्यानं कावून गेले, या वयात?"

"असंच," म्हणाले. पिंढऱ्यांना तेल चोळून दिलं. शिवाय शेजाऱ्यांचे तीन असताना यांनी स्टेशनवर आणखी एक नारळ घेतला होता. कशासाठी विचारलं तर म्हणाले, मी मंग देईन म्हटलं होतं ना. उगाच चालून थकलेल्या माणसाशी कोण वाद घालणार.

२२ डिसेंबर, सोमवार

शीलावहिनीला दुर्गला नेलं. बाकावर बसून मी पुन्हा तोऱ्यात होते. दात कसे सोडायचे, चहा कसा गार करायचा, हात कसा आडवा करायचा, सगळं तिला शिकवलं, आणि ऐकता ऐकता पलीकडची एक नवी नवरी पोरगीही दात सोडून बसली. मॅडमनी वहिनीला तपासून सध्या आतून आधाराला एक रिंग बसवून दिली, पुढचं पुढे पाहू म्हणाल्या. येताना ऑटोत वहिनी ऐसपैस मांडी घालून बसली आणि कुम्हारीच्या पेढ्यांची गोष्ट सांगत राहिली. मला तिचं ऐकू येत होतं, पण डोक्यात रिपोर्टच होता. दवाखान्यात मी विचारलं होतं. अजून आला नाही म्हणाले.

रेणूवर दोनदा विनाकारण खेकसले आज. तिनं ऐकून घेतलं.

२४ डिसेंबर, बुधवार

दुपारी फोन आला, रिपोर्ट तयार आहे, येऊन घेऊन जा. मॅडम ऑपरेशनमध्ये होत्या, फोनवर कोणी काही सांगेना. हे पहिल्या पाळीवरून येत होते, रेणूनं त्यांना फोन केला, तर घरी न येता तसेच प्लांटच्या कपड्यांत दुर्गला गेले.

मी भांडी घासली. घासलेली पुन्हा घासली. समृद्धीला खेळवायला घेतलं तर ती रडायला लागली, मग तिला सोडलं. थोरलीची आठवण येत होती आणि मी ती येऊ दिली.

हे आले. पाकीट शर्टच्या आत ठेवलं होतं, घामानं कोपरा भिजला होता. चिकटवलेलं तसंच होतं.

"उघडलं नाई तुमी?" मी विचारलं.

"तुया नावाचं हाय."

ते मी रेणूच्या हातात दिलं. ती इंग्रजी वाचत होती आणि आम्ही तिच्या तोंडाकडे पाहत होतो. किती हळू वाचते ही पोरगी! मग तिनं मान वर केली.

"आई, कॅन्सर नाही आहे. साधा मोड होता, निकल गया. कॅन्सर नाही."

आमच्या घरात हा शब्द आज पहिल्यांदा बोलला गेला. दिवाळीपासून मी तो तोंडात येऊ दिला नव्हता, इथं लिहिला नव्हता, आणि यांनी किंवा रेणूनंही कधी काढला नाही. आता लिहिते. कॅन्सर नाही. खाली बसले मी, जमिनीवरच, आणि समृद्धीला कुशीत ओढून मनसोक्त रडले. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायला जायचं आहे, आणि मी जाणार आहे.

हे दाराला टेकून उभे होते. "पुन्हा वाच," म्हणाले. रेणूनं वाचलं. "अजून एक डाव." तिनं पुन्हा वाचलं. मग हे मोरीत गेले, नळ सोडला आणि कितीतरी वेळ पाय धूत बसले. मी इकडून ओरडले की टाकी रिकामी होईल. बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते, साबण गेला म्हणाले. पायाचा साबण डोळ्यात कसा जातो ते यांनाच माहीत.

पुसायला टॉवेल दिला, तर तो खांद्यावर टाकून पुन्हा रेणूपुढे जाऊन बसले. "कोन्या ओळीत लिवलं हाय ते? दाखव बरं." तिनं ओळ दाखवली. यांचं इंग्रजी क्रेनवरच्या पाट्या वाचण्यापुरतं. तरी त्या ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत, एकेक अक्षर जुळवत बसले. चहा ठेवला तो गार झाला.

"बस करा ना आता," मी म्हटलं. "पाठ कराची हाय काय?"

"हव," हे म्हणाले.